रिकाम्या स्पीकरमधला खोकला

भूतबित काही नसतं, असं मी आजही म्हणतो. उभा जन्म रेडिओ दुरुस्त करण्यात गेला. आवाज आला की कुठेतरी जोड सुटलाय, आतला काचेचा व्हॉल्व्ह खराब झालाय किंवा आत झुरळ शिरलंय… बहुतेक वेळा झुरळच. तरी हे लिहितोय, कारण एका आवाजाला यातलं काहीच लागू पडलं नाही. आणि तो आठवला की अजून घास घशाखाली उतरत नाही.

गोष्ट पन्नासच्या दशकाच्या अखेरची. मुलुंडला, स्टेशनच्या पश्चिमेला, एका चाळीच्या तळमजल्यावर माझं दुकान होतं. शेजारी पिठाची गिरणी, त्यामुळे दुपारी ती बंद झाली की मी नाजूक कामं काढायचो. अशाच एका दुपारी प्रभाकर आला. नाहूर गावात राहणारा, फोर्टात कारकून, हौसेने हवाईयन गिटार वाजवणारा. काखेत लाकडी पेटीतला ॲम्प्लिफायर.

"नाना, मध्येच खरखरतो हो हा. रविवारी घाटकोपरला कार्यक्रम आहे, लग्न जुळतंय, मुलगी आणि तिच्याकडची माणसं ऐकायला येणार. तिथे खरखरला तर वाट लागली माझी."

मागची फळी काढली आणि तोंड फिरवलं. झुरळांच्या लेंड्या, फुटलेली अंडी, त्यावर तेलकट धूळ — सगळं व्हॉल्व्हच्या उष्णतेने शिजलेलं. शी! नाकाला रुमाल बांधून ब्रशने साफ केलं, पेटी चालू केली. दहा मिनिटं शांत. मग खरखर… आणि खरखरीच्या मागून खोकला. ओला. छातीच्या तळातून ओढलेला, घशात घोळवलेला खाकरा, आणि शेवटी थुंकल्याचा आवाज. हातातला चहाचा कप मी खाली ठेवला, तो पुन्हा उचललाच नाही.

आमच्या धंद्याची रीत ठरलेली. पेन्सिलीने एकेक व्हॉल्व्ह हलकेच ठोकायचा. जो कुरकुरेल तो चोर. एकही कुरकुरला नाही. आवाजाचं बटण शून्यावर आणलं — खोकला तेवढाच. मग पुढून एकेक व्हॉल्व्ह उपटत गेलो. जो काढल्यावर आवाज थांबेल तिथे बिघाड. सगळे काढून झाले, आवाज थांबेना. शेवटी वीज बंद केली, स्पीकर पेटीतून काढला, त्याच्या दोन्ही तारा सोडवल्या.

आणि टेबलावर ठेवलेला तो नुसता स्पीकर खाकरला. त्याचा कागदी पडदा हलताना मी डोळ्यांनी पाहिला. बोट लावून बघितलं… कोरडा होता. तरी हात साबणाने दोनदा धुतले.

संध्याकाळी प्रभाकर आला आणि त्याच्यासमोर स्पीकर पुन्हा खोकला. तो वाकून ऐकू लागला.

"हे तर तात्या!"

"कोण तात्या?"

"वडील माझे. गिरणीत कापसाची धूळ खाऊन छाती गेली त्यांची. मुलीकडे सांगितलंय, ते गावी असतात, ठणठणीत आहेत. जोगेश्वरीला आत्येकडे ठेवलंय त्यांना… लग्न होईपर्यंत. असा खोकला ऐकून कोण मुलगी देणार, नाना?"

इतका वेळ मला त्या खोकल्याची किळस येत होती, आता या माणसाची आली.

"लाज नाही वाटत रे? आधी घरी आण त्यांना."

"आणीन ना. एकदा लग्न होऊ दे."

पेटी त्याच्या अंगावर फेकायला हवी होती. नाही फेकली. दुसरा स्पीकर बसवला, दोन दिवस चालवून पाहिला. हूं की चूं नाही. वर त्याने गळ घातली म्हणून रविवारी घाटकोपरच्या हॉलमध्ये जाऊन पहिल्या रांगेत कडेला बसलोसुद्धा.

तिसरं गाणं संपलं. टाळ्या पडायच्या आत, त्या नव्या कोऱ्या स्पीकरमधून खाकरा आला. पूर्ण. थुंकीसकट. पुढच्या बायकांनी पदर नाकाला लावले. प्रभाकर पांढराफटक पडला. मुलीची आई उठली आणि थेट माझ्यापाशी आली.

"अहो, यंत्र असं खोकतं होय? हे कुणीतरी आजारी माणूस आहे. कोण आहे?"

स्टेजवरून प्रभाकर माझ्याकडे बघत होता.

"व्हॉल्व्ह आहे, बाई," मी म्हणालो. "तापला की असं करतो."

माझ्या खिशातल्या स्क्रू ड्रायव्हरकडे तिने एकदा पाहिलं आणि जागेवर जाऊन बसली. जाणकार माणसाने सांगितलं म्हटल्यावर तिचं समाधान झालं.

लग्न झालं. तात्या लग्नात नव्हते. ती पेटी पुढे कधीच खोकली नाही. मी ती पुन्हा उघडून तार न् तार तपासली, काही सापडलं नाही. तारा सोडलेला स्पीकर कसा बोलला, हे मला आजही सांगता येत नाही.

दोनेक महिन्यांनी प्रभाकरची बायको दुकानात आली. एकटीच. तात्यांना आदल्या दिवशी घरी आणलं होतं.

"मी औषध देत होते, तेव्हा ते खोकले," ती म्हणाली. "काका, हा खोकला मी घाटकोपरला ऐकलाय. तुम्ही आईला व्हॉल्व्ह सांगितलंत."

मी टेबलावरच्या वस्तू उगाच इकडच्या तिकडे करत राहिलो.

"माझे वडीलही असेच खोकायचे हो, शेवटची चार वर्षं. आईने आणि मीच केलं त्यांचं सगळं. तुम्ही खरं सांगितलं असतंत तरी आम्ही हो म्हटलं असतं. तात्या मांडवात तरी बसले असते."

ती गेल्यावर मी मोरीवर जाऊन चूळ भरली. तोंडाची चव काही गेली नाही.