खालच्या थरातले काका

कशेळ्याच्या नाक्यावर पंक्चर काढणारे हे काका गाडी जॅकवर चढवताना भरपूर बोलतात. उतरवताना मात्र एकदम गप्प होतात आणि चाक जमिनीला टेकल्यावरच अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करतात.

आमच्या दहीहंडीत ते सगळ्यात खालच्या थरात असतात. दोर, गाद्या आणि मलमपट्टी माझ्याकडे असल्यामुळे मी जवळच उभी असते. यंदा हंडी फुटली, ढोल घुमले आणि खालच्या थरातल्या एकाने नाचायला हात सोडले. वरची पोरगी अजून वरच होती. सगळे थर हलले. काकांनी मान वर न करता त्याची कॉलर धरून त्याला परत जागेवर ओढलं.

"काका, फुटली हंडी! नाचू द्या की त्याला!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"पोर उतरली काय रं? गंगा उतरली तवा शंकर नाचत व्हता काय? उबा रा गप!"

पोरगी एकेक खांदा धरत खाली आली आणि तिचे पाय जमिनीला लागले. मग काकांनी कॉलर सोडली, हात वर केले आणि ते मनसोक्त नाचले. तोवर ढोल थांबले होते.