सबीकामावशीचा नवस

कुवेतच्या किनाऱ्यावरच्या आमच्या फिंतास गावात सबीकामावशीच्या दारावरून कुणी न खाता पुढे गेलेलं नाही. माझे वडील एकदा घाईत होते म्हणून गेले, तर मरेपर्यंत गावाचे 'मंत्रीसाहेब' राहिले.

तिचा नवरा समुद्रानेच नेलेला. मुलगा बर्राक तेलाच्या जहाजावर. इराण-इराकच्या लढाईत आखातातल्या जहाजांवर हल्ले व्हायला लागले, तेव्हा कुवेतने आपल्या काही जहाजांवर अमेरिकेचा झेंडा चढवला आणि राखणीला त्यांच्या युद्धनौका आल्या. मावशी नवस बोलली: जो माझ्या पोराला सुखरूप आणील, त्याला माझ्या हातचं खाऊ घालीन.

बर्राक आला. मावशी गहू-मटणाचा हरीस घोटून तयार.

"कुठंयत ते अमेरिकावाले?"

"गेले परत. हद्दीपर्यंत सोडतात, आत येत नाहीत."

"दारापर्यंत येऊन उपाशी गेले? आणि तू जाऊ दिलंस?"

"आई, युद्धनौका आहे ती, टॅक्सी नव्हे. आणि आपल्याच सरकारला ते इथे दिसायला नकोत."

"राखणीला हवेत, जेवायला नकोत. या सरकारला आईनं काही शिकवलंच नाही."

पुढच्या फेरीला तिने खजुराचा डबा दिला. तो तसाच परत आला. युद्धनौकेच्या जवळ होडी नेली तर गोळी घालतात म्हणे. मावशीने डबा दाराजवळच्या कोनाड्यात ठेवला. दर हंगामात त्यात नवा खजूर भरी.

"अमेरिकेचा वाटा उंदीर खातील गं," बर्राक चिडवायचा.

नव्वद साली इराकचं सैन्य आलं. नाक्यावर बर्राकला गाडीतून उतरवून घेतलं आणि बसऱ्याकडे नेलं. त्यानंतर त्याचा पत्ता नाही.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीअखेर अमेरिकन सैनिक आमच्या रस्त्याने आले. तेलविहिरी जळत होत्या, भर दुपारी आभाळ काळं. लोक गाड्यांवर चढून त्यांना मिठ्या मारत होते. मावशी डबा घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. गाडी थांबली. एक पोरगेलासा सैनिक उतरला, पण डब्यात हात घालेना. मावशीने एक खजूर स्वतः खाल्ला. मग त्याने घेतला.

"सांग त्याला," मावशी मला म्हणाली, "हा मागच्या वेळचा."

माझं इंग्रजी शाळेपुरतं. सांगितलं. त्याला काय कळलं कोण जाणे. त्याने हसून अख्खा डबाच घ्यायला हात पुढे केला.

मावशीने झाकण लावलं.

"बाकीचा बर्राकला आणल्यावर."

एवढं मात्र मी इंग्रजीत सांगितलं नाही.