मेबलबाई घाम तोलायच्या

मेबलबाई रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला माझ्या खिडकीशी यायच्या आणि पोरींचे घामाचे कपडे हातात धरून तोलायच्या. बाजारात बाई भोपळा तोलते ना, तशा. डाव्या हातात एकीचे, उजव्या हातात दुसरीचे, आणि डोळे मिटलेले. मग खाली ठेवायचे, पुढचे दोन उचलायचे. असं सगळं झालं की निघून जायच्या. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, या बाईचं डोकं फिरलंय.

त्या बास्केटबॉलच्या कोच होत्या, मुलींच्या टीमच्या. मिशिगनात ॲन आर्बरपासून तासाभरावर आमचं गाव, तिथलं एक लहानसं कॉलेज. त्या कॉलेजच्या जिमच्या तळघरात मी कपडे धुवायचे. प्रत्येक पोरीची एक वीतभर लांब पिन असायची, तिला नंबराचा बिल्ला. शर्ट, चड्डी, मोजे सगळं त्या पिनेत ओवून पोरी खिडकीतून आत टाकायच्या. पिनेसकट मशीनमध्ये, पिनेसकट ड्रायरमध्ये, आणि सकाळी आपापल्या नंबराच्या खुंटीला. मी शिकले चौथीपर्यंत, तीही मराठीत. इंग्रजी नावं वाचता यायची नाहीत, पण आकडे यायचे. काम आकड्यांवर चालायचं, म्हणून मला जमलं.

माझे यजमान मोटारीच्या कारखान्यात वेल्डर होते. ऐंशीनंतर तिथली माणसं कमी केली तेव्हा त्यांचं काम गेलं. पुढच्या हिवाळ्यात फावड्याने बर्फ काढता काढता ते पायरीवर बसले, ते उठलेच नाहीत. लेक नऊ वर्षांची. गावाकडून दिरांचं पत्र आलं की परत या, मागची एक खोली देतो. मी पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवलं. लेकीची शाळा चालू होती, वर्ष मोडायचं नव्हतं. म्हणून काम शोधायला लागले.

कॉलेजात विचारायला गेले तेव्हा लेक बरोबर होती, मला भाषा सांगायला. मेबलबाई माझ्यापेक्षा हातभर उंच, केस बारीक कापलेले, गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेली शिट्टी. त्यांनी एकच विचारलं, वासाचं काय? लेकीला म्हटलं, सांग, आई म्हशींच्या गोठ्यात वाढलीय. लेकीला म्हशीचं इंग्रजी येईना, तिने हाताने शिंगं करून दाखवली. बाई हसल्या. त्यांच्या वडिलांच्या गाई होत्या. म्हणाल्या, सोमवारी ये.

दिवाळीला ॲन आर्बरला मराठी मंडळी जमायची, सगळी डॉक्टर, इंजिनिअर. एका वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "शांताबाई, परक्या पोरींचे घामट कपडे धुता हो तुम्ही? बेबी-सिटिंग वगैरे ट्राय करा ना."

मी म्हटलं, "वहिनी, मशीन धुतं. मी नुसतं बटण दाबते."

त्या फराळाच्या ताटाकडे वळल्या. मी पण वळले.

तर कपडे तोलण्याचं. महिनाभराने मी धीर करून विचारलं, का करता असं? बाई इंग्रजीत बोलायच्या, मी आपल्या भाषेत सांगते. त्या म्हणाल्या, "मी बघत असते तेव्हा सगळ्याच पळतात, शांटा. मी पाठ केल्यावर कोण पळतं, ते मला कपडे सांगतात." त्या मला शांटाच म्हणायच्या, शेवटपर्यंत. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजून मी ड्रायरमधून काही काढलं की हात आपोआप तोलतो.

त्यांची टीम जमवायची रीतही वेगळीच होती. चांगल्या चांगल्या पोरी मोठी कॉलेजं आधीच उचलायची, आमच्याकडे कोण यायला बसलंय? मग बाई आपली जुनी गाडी काढून दूरदूरच्या कॉलेजांच्या मॅचना जायच्या आणि खेळणाऱ्या पोरी सोडून बाकावरच्या पोरी बघत बसायच्या. म्हणायच्या, "जी खेळत नाही आणि तरी मैत्रिणीला पाणी नेऊन देते, ती मला दाखवा." पण तिथल्या कोचचं परवानगीचं पत्र हातात आल्याशिवाय त्या पोरीशी एक शब्द बोलायच्या नाहीत. त्यांचा असिस्टंट चिडायचा. सगळे मागच्या दाराने बोलतात, आपणच का नाही? बाई म्हणायच्या, "मागच्या दाराने आलेली मागच्याच दाराने जाते."

ऑफिसात एका फळीवर त्यांनी बारा खिळे मारले होते. प्रत्येक खिळ्याला एकेका पोरीचा नंबर. कॉलेज बारा पोरींची फी भरायचं, तेवढीच टीम. तेरावा खिळा मारायला फळीवर जागा होती, पण त्याचा उपयोग नव्हता.

त्या वेळी आणखी एक नियम होता. एका कॉलेजातून दुसऱ्यात आलेल्या पोरीने एक वर्ष बसायचं. प्रॅक्टिस रोज करायची, पण मॅच खेळायची नाही. मॅचच्या दिवशी साध्या कपड्यांत वर जाऊन लोकांत बसायचं.

डेनिस अशीच आली. ओहायोतल्या खेड्यातली, ताडमाड, बोलायला लाजाळू. दोन वर्षं एका मोठ्या कॉलेजात नुसती बसून होती, आता आमच्याकडे तिसरं वर्ष नियमाने बसायचं. तिचा नंबर बावीस. तिचा मॅचचा ड्रेस वर्षभर माझ्याकडे धुवायला आला नाही, कपाटात घडी होती तशी होती. पण प्रॅक्टिसचे कपडे? पिळले तर बादलीत पाणी पडेल असे. बाई बावीस नंबरची पिन तोलायच्या तेव्हा त्यांचा हात खाली जायचा. एकदा नुसत्या "हं" म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ.

डेनिसची आई फळं डबाबंद करायच्या कारखान्यात होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत डेनिसही तिथेच काम करायची. मला म्हणाली होती, इथून गेले तर जन्मभर तिथेच. दुसऱ्या कॉलेजात जायचं तर पुन्हा वर्षभर बसावं लागलं असतं, आणि खेळायची वर्षं तिथेच संपली असती.

सुट्टी संपवून ती परत आली आणि तिची पिन हलकी लागायला लागली.

आठवडाभर हलकी. बाई तोलायच्या आणि कपाळाला आठी पडायची. त्या वर्षी पोरी होत्या तेरा. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी बारा नावं लागायची होती. असिस्टंट माझ्यासमोरच म्हणाला, एकदा सोडून आलेली, हिचं मन परत उडालं असेल. बाईंनी पुढच्या दोन पिना उचलल्या.

मला कारण माहीत होतं. सोमवारी डेनिस खाली आली होती, जुना टॉवेल मागायला, बर्फ गुंडाळायला. कारखान्यात ट्रकवरून उतरताना गुडघा मुरगळला होता. मी हात लावून बघितला, कणीक फुगावी तसा फुगलेला. मी म्हटलं, कोचना सांग. ती रडायला लागली. "मोडक्या गुडघ्याची पोरगी कोण ठेवेल, मिसेस शांटा? प्रॉमिस करा, कुणाला सांगणार नाही." मी हातावर हात ठेवला. शब्द दिला.

दिला खरा, आणि मग मला गप्प बसवेना. सांगायचं तर नाही, आणि पिन तर हलकी. मंगळवारी पोरी कपडे टाकून गेल्या. बाई यायला पाच मिनिटं होती. मी बावीस नंबरची पिन नळाखाली धरली, थोडी पिळली, आणि बाकीच्यांत टाकून दिली. उभ्या आयुष्यात मी कामात लबाडी केली ती तेवढी एकदा.

बाई आल्या. डोळे मिटून तोलायला लागल्या. बावीस उचलली. जड होती. दुसऱ्या हातातली खाली ठेवली, आणि बावीसच दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. मग डोळे उघडले.

"शांटा, हे कपडे आत्ताच अंगातून निघाले?"

"यस."

"मग गार का आहेत?"

बाकीच्या पिना कोमट होत्या. इतक्या पिना हाताखालून गेल्या माझ्या, आणि हे मला सुचलं नव्हतं. गरम पाण्याचा नळ शेजारीच होता.

मी म्हटलं, मी केलं. बाईंनी विचारलं, का केलं? मी म्हटलं, सांगणार नाही, शब्द दिलाय. माझं इंग्रजी तेवढंच, "आय प्रॉमिस, नो टेल." बाई बघत राहिल्या. घरभाडं, लेकीची शाळा, पिठाच्या डब्याखालचं पत्र, सगळं डोळ्यांपुढे आलं. तरी बोलले नाही. अर्धं मोडक्या इंग्रजीत, अर्धं हाताने, एवढंच म्हटलं, तुमचं ऑफिस वरच्या मजल्यावर आहे. उद्या तिला वर बोलवा, आणि तुम्ही जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहा.

बुधवारी बाई जिन्यावर उभ्या राहिल्या. डेनिस कठडा धरून वर चढायला लागली, तोंडावर हसू आणून. एक पाय पुढे, दुसरा त्याच पायरीवर. चार पायऱ्या झाल्या असतील. बाई स्वतःच खाली उतरल्या, जिन्यातच बसल्या आणि तिला शेजारी बसवलं. मी खालून बघत होते. मला नुसते दोघींचे बूट दिसत होते. काय बोलल्या माहीत नाही, पण पुष्कळ वेळ बोलल्या.

गुरुवारी डॉक्टरांनी बघितलं. गुडघ्यातला कूर्चेचा एक तुकडा सुटला होता. लहानसं ऑपरेशन, नाताळपर्यंत विश्रांती, मग पूर्ववत. मला हायसं वाटलं, तर असिस्टंट म्हणाला, म्हणजे निम्मा सीझन बसूनच? खिळा फुकट जाईल. बाई म्हणाल्या, "मी टीम नोव्हेंबरची बांधत नाही. फेब्रुवारीत कोण उभी असेल, ते बघते." पण ठेवते की नाही, ते बोलल्या नाहीत.

शुक्रवार. बाईंचा एक नियम होता. आपलं नाव यादीत नाही, हे कुणालाही यादीवरून कळता कामा नये. म्हणून कागद लावायच्या आधी त्या जिला काढायची तिला बोलवायच्या आणि समोर बसवून सांगायच्या. त्या दुपारी डेनिस माझ्याकडे टॉवेलांच्या ढिगावर बसून राहिली. वर दार वाजलं की तिची मान वर व्हायची. मी तिला मोजे जोडायला दिले. तिने सगळे चुकीचे जोडले.

वर एक पहिल्या वर्षाची पोरगी गेली. तासभर आत होती. बाईंनी सकाळपासून फोन करून तिच्यासाठी एका दुसऱ्या कॉलेजात जागा बघून ठेवली होती. तिथे तिला वर्षभर बसावं लागणार होतं, पण जागा होती. पोरगी बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते आणि हातात पत्ता लिहिलेला कागद होता. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा आम्हाला नुसती जिन्यावरून उतरणारी पावलं ऐकू आली, सरळ आमच्या दाराकडे येणारी.

दारात बाई. डेनिस उभी राहिली, एका पायावर भार देऊन.

"बस," बाई म्हणाल्या. "तुला कुणी बोलवलंय?"

डेनिसला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ती भिंतीला टेकून हळूहळू खालीच बसली.

बाई माझ्याकडे वळल्या. मी ॲप्रन सोडायला लागले होते.

"कुठे चाललीस?"

"घरी. माझं काम गेलं ना?"

"काम कुठे जाईल? पुढच्या वेळी गरम नळ सोड." तोंडावर हसू नव्हतं. मग जवळ आल्या. "नाही शांटा, पुढच्या वेळी तेही नको. सांगायचं नसेल तर सांगणार नाही म्हण. मी तेवढ्यावर चालवीन. पण माझ्या हाताला फसवू नको."

मी बरं म्हटलं. त्यानंतर त्या कॉलेजात सहा वर्षं काढली, दोनदा "नो टेल" म्हणाले. दोन्ही वेळा त्यांनी पुढे विचारलं नाही.

डेनिस फेब्रुवारीत खेळली. चांगली खेळली म्हणतात, मला त्यातलं कळत नाही. मला शुक्रवारच आठवतो. आम्ही बोलून मागे बघितलं तर डेनिस झोपलेली, कोमट ड्रायरला डोकं लावून, तोंड उघडं, पाय लांब पसरलेले. किती रात्री झोपली नव्हती कोण जाणे. मी मशीनचं झाकण उघडलं, दिवसाचे कपडे टाकायला. ते मशीन म्हणजे लोखंडाचा कारखाना, सगळं तळघर हादरायचं. बाईंनी माझा हात धरला आणि झाकण हळूच खाली केलं.

"राहू दे," म्हणाल्या.

दिवा मालवला, दार लोटलं, आणि आम्ही दोघी बाहेर आलो.

शनिवारी सकाळी अकरा पोरींना खुंटीला कालचेच घामट कपडे मिळाले. पोरींनी नाकं मुरडली. एक म्हणाली, मशीन बिघडलं का? बाई म्हणाल्या, नाही, आणि शिट्टी वाजवली.