पाणी मारलेलं मैदान

सुक्या मातीवर पाणी मारल्याचा वास आला, की सत्तरच्या दशकातली सोलापूरची एक संध्याकाळ आठवते. मी दहा वर्षांची होते, खो-खोचं वेड लागलेलं, आणि गिरणीतली पाळी संपवून आलेले वडील मला सायकलवर पुढं बसवून संघ निवडायला निघाले होते. ज्या संघानं गावातल्या सगळ्या ढाली जिंकल्या होत्या, त्याच्या मैदानावर बारक्या मुली बादल्या वाहून पाणी मारत होत्या आणि मोठ्या खेळाडू कट्ट्यावर शेंगा खात बसल्या होत्या. दुसऱ्या मैदानावर कप्तान मुलगीच बादली घेऊन पाणी शिंपडत होती. “हितंच घालू तुला,” वडील म्हणाले. मी रडकुंडीला आले. “पर ढाली तितं हायत की!” “व्हय. पर तू पडणार ती माती कोण भिजवतंय, ते बघ.” त्या संघाकडून मी एकही ढाल जिंकली नाही, आणि वडिलांवर वर्षभर रुसून होते. परवा आम्ही नातवासाठी फुटबॉलचा क्लब बघायला गेलो. सून कपांनी भरलेलं काचेचं कपाट बघत होती. मी मात्र सराव संपेपर्यंत उन्हात उभी राहिले, चेंडू कोण गोळा करतंय ते बघायला.