दुसरा माईक

मेसेज हरेशदादाच्याच नंबरवरून आला. आमच्या बँडचा तिघांचा ग्रुप होता, त्यावर. मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. तापाचं निमित्त होऊन त्याच्या छातीत पाणी झालं होतं आणि तो आठवडाभर हॉस्पिटलात होता, म्हणून स्क्रीनवर त्याचं नाव दिसल्यावर मला आधी बरंच वाटलं. उघडलं तर एवढंच होतं : ‘हरेश सकाळी गेले. मी रंजना.’ रंजनावहिनी, त्याची बायको. आमचा ड्रमर डॅनी तेव्हा इस्रायलमध्ये होता. त्याने लिहिलं, ‘हऱ्या, असली मस्करी करू नकोस.’ 

याला दीड महिना होऊन गेला. ‘उघाडी’ हे आमच्या बँडचं नाव पनवेल-उरणबाहेर फार थोड्या लोकांनी ऐकलं असेल. खाडीच्या बांधाला पाणी आत-बाहेर करायला जी दारं ठेवतात, ती उघाडी. हरेशदादाचे वडील उरणकडच्या मिठागरांत राबले, तो स्वतः कंटेनर यार्डात सुपरवायझर होता. गाणी लिहायचा, गिटार वाजवायचा आणि गायचा. डॅनी आपटेकर पनवेलच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू घरातला, दिवसभर बँकेत आणि संध्याकाळी ड्रम्सवर. मी बास गिटार वाजवायचे. डॅनीनेच मला आणलं. एका मंडपवाल्याच्या गोदामात रिहर्सल चालायची. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या थप्प्या, नवरा-नवरीचे सोनेरी सोफे आणि मध्ये आम्ही. पहिल्या दिवशी मला दोघांकडे बघून वाजवता येईना, म्हणून मी त्यांच्याकडे पाठ फिरवून वाजवलं. “काय गो कॉन्व्हेंट,” हरेशदादा म्हणाला, “भिंतीला ऐकवतेस का आमाला?” मी तशीच वाजवत राहिले. मग तो आपल्या गिटारचा अँप उचलून भिंतीकडे आला आणि माझ्या शेजारी, माझ्यासारखाच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पहिला महिनाभर आम्ही तसेच वाजवत होतो. मला ‘कॉन्व्हेंट’ हे नाव मात्र कायमचं चिकटलं.

त्याची आई धवलारीण होती. आगरी लग्नात विधींची गाणी म्हणायला जी जाणती बाई बोलावतात, ती. तिच्या बाजूला कायम दुसरी एक बाई बसायची. आईचा श्वास संपत आला की ती ओळ उचलायची, तिचा संपायच्या आत पुन्हा आई. “मांडवात गानं तुटू देयाचं नाय,” हरेशदादा सांगायचा, “तुटला का बाया एकमेकींच्या तोंडाकडं बघतान.” तो लांबलचक सूर त्याने खरखरीत इलेक्ट्रिक गिटारवर आणून ठेवला. मी इंग्रजी गाण्यांवर वाढलेली मुलगी, पण असं काही मी कधी ऐकलं नव्हतं. त्याची एक ओळ सुरू व्हायची ती संपायचीच नाही. मी बासवर मात्रा मोजत राहायचे आणि आकडा वाढत जाईल तसा माझ्या अंगावर काटा यायचा. माणसाच्या छातीत एवढा वारा मावतो कसा?

आणि प्रत्येक कार्यक्रमात त्याची एक सवय होती. स्वतःचा माईक लावून झाला की त्याच्या डावीकडे, माझ्यासमोर, तो आणखी एक माईक उभा करायचा. पहिल्यांदा मी घाबरून म्हटलं, “दादा, मी गाणार नाही हं.”

“तुला कोन गा बोललाय? बंद हाय तो, शोभंचा. आयशीच्या बाजूला रिकामी जागा मी कदी बगितली नाय.”

पहिला कार्यक्रम चिरनेरच्या एका हळदीत. दोन गाणी झाली आणि नवऱ्याचे काका स्टेजवर चढले. “पोरांनो, वाजवता बरां, पन लगीन हाय का कोनी मेलाय? नाचाचा लावा काय तरी!” डीजेने आमची वायर काढली. हरेशदादा खाली उतरून त्याच डीजेवर मनसोक्त नाचला. मग कॉलेजचे फेस्टिव्हल आले, मग मुंबईचे छोटे क्लब. उरणच्या मोरा बंदरातून लाँचने सामान न्यायचो, डॅनी बेस ड्रमला लेकरासारखा रेनकोट घालायचा. सहा गाण्यांचा अल्बम आम्ही गोदामातच केला, तो शोभेचा माईक तिथेही उभा होताच; तिघांनी एकत्र वाजवायचं आणि डॅनीने प्रत्येक माईक लॅपटॉपवर वेगळा घ्यायचा. तो अल्बम ऐकून मुंबईतल्या एका साउंडवाल्याने विचारलं, “एका श्वासात एवढं? जोडलंय ना हे?” हरेशदादा हसला. “जोडलाय तर. लपवताय कोन!” मला तो त्याचा विनय वाटला.

डॅनीचं घर इस्रायलला गेलं आणि बँड वर्षातून एकदा, त्याच्या सुट्टीपुरता उरला. शेवटचा कार्यक्रम पनवेलच्या नाट्यगृहात झाला. हरेशदादाला तेव्हाच खोकला होता. शेवटच्या गाण्यात त्याच्या मानेच्या शिरा ताणलेल्या दिसल्या आणि मी इतकी घाबरले की फक्त बोटं चालत राहिली, बाकी सगळी मी त्याच्याकडे बघत उभी. ओळ मध्येच तुटली. चार-पाच मात्रा नुसती वाद्यं, गाणारा आवाजच नाही... लोकांना ते गाण्यातलंच वाटलं, टाळ्या पडल्या. विंगेत मी विचारलं, “दादा, श्वास लागला का?”

“माजा तितं रोजच संपतो,” तो म्हणाला आणि पाणी प्यायला. मला काही कळलं नाही. मी विचारलंही नाही.

तो गेल्यावर डॅनीने अल्बमचे सुटे ट्रॅक मला पाठवले. ड्रम्स, गिटार, बास, हरेश. पाचव्या फाइलचं नाव ‘कॉन्व्हेंट’. मी हेडफोन लावले. आधी नुसता लांबून येणारा ड्रमचा आवाज. मग त्याखाली कोणीतरी बाई गुणगुणत होती... मात्रा चुकू नयेत म्हणून मी वाजवताना शब्द पुटपुटते, हे मला माहीत होतं. तो पुटपुटण्याचा आवाज नव्हता. हरेशदादाची ओळ जिथे संपत होती, नेमकी तिथून ती बाई ती उचलत होती, आणि तो परत येईपर्यंत धरून ठेवत होती.

मी डॅनीला फोन लावला. “तो माईक चालू होता?”

“कायम. स्टेजवरसुद्धा. हऱ्याने मला शपथ घातली होती. म्हणायचा, तिला सांगितलंस तर ती गप्प होईल.”

मला राग आला. न विचारता माझा आवाज घेतला, याचा तो राग पुरता गेलेला नाही. पण त्या संध्याकाळी मी सहाही गाणी लागोपाठ ऐकली. ज्या श्वासाने मी इतकी वर्षं थक्क होत होते, त्यात मीही होते. आणि नाट्यगृहात जी शांतता पडली, ती त्याची नव्हती. माझी होती.

गेल्या रविवारी रंजनावहिनींबरोबर गोदामातलं सामान आवरायला गेले. सोनेरी सोफे तसेच होते. वहिनींनी त्याची गिटार पिशवीत घातली. डावीकडचा स्टँड उभाच होता. कुठवर चढवायचा त्या खुणेला त्याने काळी टेप गुंडाळलेली. मी समोर जाऊन उभी राहिले तर माईक बरोबर माझ्या ओठांशी आला.

“ह्यो कोनाचा गो?” वहिनींनी विचारलं. “परत देयाचा हाय का कोनाला?”

“नाही. माझा आहे.”

“मंग बोल की कायतरी. यांचा तो लांबडा गाना बोल.”

मी बास गळ्यात अडकवली. सवयीने भिंतीकडे वळले होते, ती परत फिरले. त्याची ओळ मी पहिल्यांदाच सुरुवातीपासून धरली, आणि अर्ध्यावर, त्याचा जिथे संपायचा त्याच्याही बरंच आधी, माझा श्वास संपला. मी डोळे मिटले. पण गाणं चालूच होतं. सोफ्यावर बसून वायर गुंडाळता गुंडाळता, मान वर न करता, वहिनींनी ओळ उचलली होती.