नारळाच्या पाण्याने अडलेली गाडी

प्रिय रेवा आणि अनय,

आबांच्या गाडीला आजीने शॉक दिला, असं तुमच्या बाबाने तुम्हाला सांगितल्याचं परवाच्या व्हिडिओ कॉलवर कळलं. म्हणून खरी हकिकत क्रमाने लिहून ठेवते.

इन्स्पेक्टरने किल्ली फिरवली तेव्हा गाडी हललीच नाही. स्क्रीनवर लाल अक्षरं आली : इन्सुलेशन फॉल्ट.

"मॅडम, असं असेल तर मला सही करता येणार नाही."

पेट्रोलची गाडी विजेवर चालवायचं कीट विकणाऱ्या कंपनीकडून तो संभाजीनगरहून आला होता. चार वाजता त्याला निघायचं होतं. शुक्रवारी गाडीचं रजिस्ट्रेशन संपत होतं आणि त्याच्या सहीशिवाय आरटीओ पुढे काही करणार नव्हतं. म्हणजे आबांची गाडी भंगारात. आबा ओट्यावर पेपर वाचत बसले होते. अर्ध्या तासात त्यांनी पान उलटलं नव्हतं.

मी वीजकंपनीत इंजिनिअर होते, म्हणून माजलगावच्या घरी, अंगणातच पेट्रोलचं इंजिन काढून मोटर बसवायचं काम अंगावर घेतलं. पान्याची कामं मुनीर मिस्त्रींची, वायरिंग माझं.

फॉल्टचा अर्थ सोपा आहे. बॅटरीची वीज गाडीच्या पत्र्यात उतरता कामा नये. जराशी गळती दिसली, की सुरक्षा यंत्रणा गाडी सुरूच होऊ देत नाही.

नोकरीत आम्ही लाइनवरचा फॉल्ट शोधायचो तसाच शोधला. मेन प्लग काढला, आत साठलेली वीज ओसरेपर्यंत थांबले, वीज नसल्याची मीटरने खात्री केली. मग एकेक भाग वेगळा करून तपासला. बॅटरी ठीक. मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा कंट्रोलर, तोही ठीक. मोटरच्या केबलच्या जोडाशी आले आणि मीटरचा आकडा कोसळला, म्हणजे गळती इथेच. जोड ओला होता. हातमोज्याचं बोट चिकट झालं.

"मिस्त्री, हे काय?"

मुनीरभाईंनी आबांकडे पाहिलं. आबांनी पेपर वर केला.

"सायबांनी सकाळी नारळ फोडला, मॅडम. म्या म्हनलं चाकापाशी फोडा. ते म्हनले, मोटर नवी हाय, चाक तर जुनंच हाय."

"मग, चूक काय त्यात?" पेपरमागून आवाज आला.

"अहो, नारळाच्या पाण्यात क्षार असतात. त्यातून वीज जाते. इतकी वर्षं माझ्यासोबत राहून..."

"राग नका मानू मॅडम," मुनीरभाई हळूच म्हणाले, "पन या जोडाचं झाकन कुठं हाय?"

झाकण माझ्या टेबलावर होतं, फाइलशेजारी. ते बसवलेलं असतं तर पाणी वरून ओघळून गेलं असतं. चेकलिस्टमध्ये 'झाकण लॉक केले' या ओळीपुढे माझ्याच हातची टिक होती. फाइल पूर्ण दिसावी म्हणून मी आदल्या दिवशीच सगळीकडे टिक करून टाकली होती.

इन्स्पेक्टरला चेकलिस्ट दाखवून म्हटलं, "चूक माझी आहे."

"लई वर्षांनी ऐकलं हे," आबा म्हणाले.

जोड डिस्टिल्ड वॉटरने धुतला, स्पिरिटने पुसला. मग मुनीरभाई तुमच्या आईचा इथे राहिलेला हेअर ड्रायर धरून बसले.

"बायकूनं पाह्यलं तर म्हनंल, मिस्त्रीनं पार्लर टाकलं."

साडेतीनला मीटरचा आकडा वर आला. झाकण बसवलं, लॉक केलं, नवी चेकलिस्ट घेतली आणि मगच टिक केली. इन्स्पेक्टर कालव्यापर्यंत गाडी नेऊन आला आणि बॉनेटवरच कागद ठेवून त्याने सही केली. गुरुवारी आरटीओतूनही गाडी पास झाली.

धडा एवढाच : टिक काम झाल्यावर करायची.

इंजिन, सायलेन्सर आणि पेट्रोलची टाकी गेली. गिअरबॉक्स, स्टिअरिंग आणि नंबर तेच आहेत. चालवणारेही तेच.

तुमची आजी