पोळ्याच्या दिवशी अग्निविद्या

सकाळचे साडेअकरा वाजले होते, माझी अग्निविद्या तेवीसवर आली होती आणि अंगणातला वजीर शिंगांना रंग लावू देत नव्हता.

वजीर हा आमचा बैल. अग्निविद्या ही माझी नोकरी. पुण्यातल्या एका कंपनीसाठी मी केनवडला घरी बसून व्हिडिओ गेम टेस्ट करते. गेमचं नाव सांगता येत नाही, तसा करारच आहे. त्यात राजे आहेत, राक्षस आहेत आणि माझ्याकडे एक म्हातारी जादूगारीण आहे. तिला अग्निविद्या ही हल्ल्याची जादू, म्हणजे समोरच्याला इजा करणारी जादू, शिकवत न्यायची. सुरुवात एकपासून, शेवट शंभरवर. दर वेळी आगीचा गोळा कुणाला तरी लागला की आकडा थोडा सरकतो. नुसता हवेत मारलेला गोळा धरत नाहीत. तासन्‌तास हेच करत बसायचं, याला आमच्यात ग्राइंडिंग म्हणतात. दळण म्हटलं तरी चालेल.

अडचण अशी की लांडगा तीन गोळ्यांत मरतो. मग दुसरा लांडगा शोधत फिरा. यावर सगळ्या टेस्टरनी मिळून एक तोड काढली होती. गेममधल्या एका गावाबाहेरच्या कुरणात तेलघाण्याचा बैल उभा असतो. पुढच्या गोष्टीत त्याचं काम असल्यामुळे डिझायनरनी त्याला अमर करून ठेवलंय. त्याला कितीही जाळा, तो हंबरतो आणि उभा राहतो. बटण दाबत राहिलं की सहा तासांत शंभर. दोन महिने प्रत्येक नव्या बिल्डला, म्हणजे गेमच्या प्रत्येक नव्या आवृत्तीला, मी हेच करत होते.

त्या दिवशी संध्याकाळी सातच्या आत माझा रिपोर्ट जायचा होता. त्यानंतर गेम बाजारात. माझं प्रोबेशनही त्याच आठवड्यात संपत होतं. आमचे लीड निखिल सर यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "हा रिपोर्ट नीट गेला तर कन्फर्म. नाहीतर मला वर काही बोलता येणार नाही." कंपनीच्या हॉलिडे लिस्टमध्ये पोळा नव्हता. रजा मागितली, मिळाली नाही.

हेडफोन बिघडला होता म्हणून आवाज स्पीकरवर होता. गेममधला बैल हंबरला की अंगणात वजीर मान झटकायचा आणि सासऱ्यांच्या हातातला ब्रश त्याच्या डोळ्यापर्यंत जायचा. कोणाचं जनावर एवढं ओरडतंय ते बघायला सासूबाई आत आल्या. आम्ही त्यांना मामी म्हणतो आणि सासऱ्यांना मामाजी. मामींनी स्क्रीन पाहिली.

"कोनाच्या बैलाले मारून राह्यली वं?"

"मामी, तो खरा नाई. अन तो मरतही नाई."

"मरत नाई म्हून जाळून राह्यली काय?"

दोन महिन्यांत हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता, मीही नाही.

"काल आपुन वजीरचे खांदे मळले, हळद लावली. आज जुंपत नाई, काठी उगारत नाई. अन सून घरात बसून बैल भाजून राह्यली. लोकं काय म्हनतीन?"

"हापिसचं काम हाय, मामी. सात वाजेलोक शंभर नाई झाले तं नोकरी जाईन."

"तं दुसऱ्या कोनाले जाळ."

मी कोंबड्या जाळून पाहिल्या. एका गोळ्यात खलास. शिपायाला जाळलं तर त्याने तुरुंगात टाकलं. एक वाजला, आकडा पंचवीस. शेवटी सरांना फोन लावला.

"सर, बैलाऐवजी दुसरं टार्गेट चालेल का?"

"का? बैलाला काय झालं?"

"सर, आज पोळा आहे."

"गेममध्ये?"

"नाही सर. वाशिम जिल्ह्यात."

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली. मग सर म्हणाले, "टेस्ट केसमध्ये टार्गेट कुठलंही चालतं. पण सातच्या आत शंभर पाहिजेत."

स्पीकर बंद केल्यावर वजीरची शिंगं रंगून झाली. मामाजी हात पुसत माझ्या शेजारी येऊन बसले आणि बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिले.

"हे गवत कोनाचं हाय?"

"कोनाचंच नाई, मामाजी. शोभेचं हाय."

"वाळून गेलं ना बापा सारं. धुरा पेटवल्यावानी पेटवून दे."

धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. उन्हाळ्यात त्यावरचं वाळलेलं गवत जाळतात. मी गवताला गोळा मारला. चार काड्या जळल्या आणि विझल्या.

"असा नाई पेटत धुरा," मामाजी पुढे सरकले. "थो झेंडा पाय, वारा कोनीकडं चालला? ज्या टोकाले वारा जाते, तिथं पयले एक पट्टा जाळ. म्हंजे आग दुसऱ्याच्या वावरात जात नाई. मंग इकडून, वाऱ्याच्या पाठीनं लाव. दोनी आगी मधात भेटतीन अन आपोआप इझतीन."

मी तसंच केलं. दोन्ही आगी कुरणाच्या मध्यावर भेटल्या. पण विझल्या नाहीत. ही तिला पेटवू लागली, ती हिला, आणि गेमने प्रत्येक काडीचं प्रत्येक वेळचं पेटणं म्हणजे मी मारलेला एकेक गोळा धरला. आकडा तीस, ऐंशी, शंभर. शंभरला थांबायला हवा होता. तो दोनशे झाला, नऊशे झाला, वीस हजारांवर गेला. बत्तीस हजार सातशे सदुसष्टवर क्षणभर टेकला आणि पुढच्या क्षणी उणे झाला. जुन्या मोटारसायकलचं मीटर भरलं की पुन्हा शून्यावर येतं, तसंच हे. आमचं मीटर फक्त शून्याच्याही खाली, थेट तळाला गेलं.

जादू उणे झाल्यावर आग उलटं काम करायला लागली, जाळण्याऐवजी पोसायला लागली. तेलघाण्याचा बैल कुरणातच उभा होता. ज्वाळा त्याच्या अंगावर आल्या आणि तो फुगायला लागला. त्याच्या तब्येतीची हिरवी पट्टी स्क्रीनबाहेर गेली. पाठोपाठ तोही गेला. उरलं फक्त एक खूर.

मामी दारातून म्हणाल्या, "आता कसा गुटगुटीत दिसून राह्यला!"

मी लगेच सरांना कळवलं. असा बग बाजारात गेला असता तर पहिल्याच दिवशी जगभरच्या पोरांनी कंपनीची लाज काढली असती. पण आमच्या धंद्यात नुसतं 'झालं' म्हणून भागत नाही. समोरच्याला त्याच्या मशीनवर पुन्हा करून दाखवावं लागतं. सर व्हिडिओ कॉलवर आले, सोबत चार इंजिनिअर. दोन्ही टोकं पेटवा, एवढंच मी सांगितलं होतं. तासभर गवत जाळलं, काहीच होईना.

"दोन्ही टोकं पेटवली," सर म्हणाले. "आकडा हलत नाही. तुमचं मशीन गंडलं असणार. बिल्ड पुढे पाठवतो."

पाच वाजत आले होते. बैल तोरणाखाली न्यायची वेळ झाली म्हणून मामाजी फेटा बांधून निघाले होते. मी त्यांना हात धरून कॅमेऱ्यासमोर बसवलं.

"वारा पायला का तुमी?" मामाजींनी विचारलं.

"वारा?" सर म्हणाले.

"झेंडा कोनीकडं उडून राह्यला?"

पुण्यात पाच जणांनी मान वाकडी करून झेंडा शोधला. "डावीकडे, काका."

"मंग डाव्या टोकाले पयले पट्टा जाळा. जळू द्या. घाई नोका करू. आता मांगून लावा. तुमी कदी धुरा पेटवला नाई काय?"

"नाही काका."

"मंग तुमाले या कामावर ठेवलं कोनं?"

याचं उत्तर यायच्या आत तिकडून एकदम ओरडा झाला. त्यांचाही बैल फुगला होता. बिल्ड थांबवला गेला. मामाजी म्हणाले, "चला, वजीर वाट पाहून राह्यला," आणि उठून गेले.

संध्याकाळी वजीरने मामींच्या हातची पुरणपोळी खाल्ली. रांगोळीही चाटली. बग रिपोर्टमध्ये 'पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या' असा रकाना असतो. त्यात मी पहिली पायरी लिहिली: बैलाला मारू नये. दोन दिवसांनी कन्फर्मेशनचा मेल आला. मी रडले, खोटं कशाला सांगू.

पुढच्या बिल्डला पुन्हा बैलासमोर बसले तेव्हा मात्र माझं बोट बटणावरून उतरलं. मी एक सूचना पाठवली: उलटून मारत नाही त्याला जाळून विद्या वाढू नये. डिझायनरना ती पटली. आता बैलाला हजार गोळे मारले तरी आकडा हलत नाही. सहा तासांच्या टेस्टला अकरा तास लागतात, खऱ्या राक्षसांशी लढावं लागतं आणि पुण्यातले टेस्टर माझं नाव घेऊन शिव्या घालतात.

शिकले ते एवढंच: दोन महिने मी जादूत तरबेज होत नव्हते, मरत नाही त्याला मारण्यात तरबेज होत होते. बग त्याच्या शेजारच्या गवतात पडून होता.

मामी अजून अधूनमधून विचारतात, "त्या बैलाचं काय झालं वं?"

"उभा हाय," मी सांगते. "आता कोनी मारत नाई."